पांढरा, शांत आणि नाचणारा

घोडबंदर हे गाव मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत येते. या बंदरात अरबी घोडे उतरत, पोर्तुगीज त्यांचा व्यापार करत, म्हणून हे नाव पडले असे सांगितले जाते. खाडीलगतचा पोर्तुगीज किल्ला १७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला, १८१८ साली तो इंग्रजांकडे गेला, आणि २००२ पासून आसपासचा सगळा प्रदेश महानगरपालिका सांभाळते. सत्ता इतक्या वेळा बदलली, पण दोन गोष्टी टिकून राहिल्या. एक, या भागात घोडा जन्माला येत नाही, तो बाहेरून आणावा लागतो. दोन, जो आणतो त्याला घोड्यातले काही कळत नाही.

किनाऱ्यावरच्या माणसाच्या या अज्ञानाला लेखी पुरावा आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस इकडून गेलेल्या मार्को पोलोने ठाण्याच्या राजाबद्दल लिहून ठेवले आहे की, त्याचा समुद्रावरच्या चाच्यांशी करार होता: लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. राजाकडे स्वतःचे घोडे नव्हते आणि समोरून जहाजे भरभरून घोडे जात होते, तेव्हा त्याने काढलेला हा मार्ग. चाच्यांनी आणलेला घोडा लंगडा निघाला तर तक्रार कोणाकडे करायची, याची तरतूद करारात नसावी. पोलो पुढे दक्षिणेत गेला तेव्हा तिथले लोक घोड्यांना शिजवलेला भात आणि मांस चारताना त्याला दिसले. उत्तम घोडा आणि उत्तम घोडी आणूनही त्यांच्या पोटी वाकड्या पायांचे शिंगरू येते, अशी तक्रार त्याने नोंदवली आहे. घोड्याला पंगतीला बसवले की पुढची पिढी कशी निघणार?

या किनाऱ्यावर घोडा निपजत नाही, याचे कारण साधे आहे. इथली हवा दमट, पावसाळ्याचे चार महिने पायाखाली चिखल, त्यात खूर नरम पडून कुजतात. चराईला रानही नाही. भाईंदरला जे मोकळे दिसते ते मिठागर असते, आणि जे मिठागर नसते तिथे बिल्डरची पाटी असते. म्हणून पैदास कोरड्या मुलखात होते: खानदेश, मराठवाडा, भीमेचे खोरे, आणि राज्याबाहेर काठेवाड, मारवाड. तिथला माल इथे येतो. पूर्वी जहाजातून यायचा, आता टेम्पोतून येतो. घोडबंदर रोडवर वाहतूक तुंबली की पुढे इंजिनात कित्येक अश्वशक्ती आणि मागच्या हौद्यात प्रत्यक्ष अश्व एक, असे दोन्ही मिळून जागच्या जागी उभे असतात. त्यातला हौद्यातला तेवढा वैतागलेला नसतो.

घोड्याच्या जाती पुष्कळ आहेत. बाजारात बोलल्या जाणाऱ्या थोड्या. मारवाडी घोड्याचे कान आत वळलेले असतात आणि त्यांची टोके एकमेकांना भेटू पाहतात. काठेवाडीचेही तसेच, किंबहुना थोडे अधिक. नुकरा म्हणजे गुलाबी कातडीचा पांढराशुभ्र घोडा. लग्नाच्या बाजारात त्याच्यापुढे सगळे फिके. भीमथडी हे भीमाकाठचे ठेंगणे, काटक जनावर. मराठ्यांच्या घोडदळाचा भार याने वाहिला, आणि आज धनगरांचा संसार, कोंबड्या-कोकरांसकट, याच्या पाठीवर वाडीवाडीने हिंडतो. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंद केली ती अगदी अलीकडे. तोवर बिचाऱ्याची गणना नुसत्या ‘तट्टू’ या सदरात होत होती. मीरा रोडच्या वऱ्हाडाला भीमथडी दाखवला तर पहिली हरकत येते ती अशी की, नवरदेवाचे पाय जमिनीला लागतील. घोड्यावरून पडण्याचा जो इतिहास नवरदेवांनी घडवला आहे तो पाहता ही हरकत नसून सोय आहे, परंतु ते कोणी ऐकत नाही.

ठेंगण्या घोड्याचे भाग्य सगळीकडे असे नाही. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात डोंगराळ शेतांवरची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या पोनी आणि कॉब पाळतात, विकतात. त्यांची संस्था १९०१ साली निघाली. तिने उंची आणि बांध्यावरून अ, ब, क, ड असे चार वर्ग पाडले. अ वर्गाची कमाल उंची बारा हात, म्हणजे ४८ इंच. घोडेवाल्यांचा एक हात चार इंचांचा असतो. ब आणि क साडेतेरा हातांपर्यंत. ड वर्गातला कॉब त्याहून उंच आणि जाडजूड. सोळाव्या शतकात आठव्या हेन्री राजाने लहान चणीच्या घोड्यांचा बंदोबस्त करणारे कायदे केले होते, कारण त्याला चिलखतासकट सरदार पेलणारे घोडे हवे होते. राजाचा स्वतःचा घेर लक्षात घेता ही अपेक्षा समजण्यासारखी आहे. डोंगरातली तट्टे मात्र वाचली. तिथवर चढून जाण्याचा उत्साह राजाच्या माणसांना नव्हता असे म्हणतात. आज त्याच तट्टांच्या वंशावळी छापल्या जातात आणि नावात पैदास करणाऱ्या घराण्याचे नाव आधी लागते, घोड्याचे नंतर. आपल्याकडे घराण्याचे नाव लागत नाही. आपल्याकडे घोड्याचे नाव चेतक असते. त्याच्या शेजारच्याचेही चेतक असते. मोतद्दाराने ‘चेतक’ म्हणून हाक मारली की अर्धी पागा मान वळवते.

पैदास हा धंदा आहे, असे पैदास करणाऱ्या घराच्या बाहेरच्यांना वाटते. घरातले पुरुष त्याला शौक म्हणतात. घरातल्या बायका त्याला काय म्हणतात ते पुरुषांना माहीत असते. आजोबांनी एक घोडी घेतलेली असते, वडिलांनी तिच्या तीन केलेल्या असतात, आणि शेतीचे उत्पन्न त्या तिघींच्या तोबऱ्यात जात असते. हिशेब विचारण्याचे धाडस नव्या सुनेने एकदा केलेले असते.

“या महिन्यात चंदीला किती गेले?”

“घोड्याचं खाणं मोजू नये. दृष्ट लागते.”

या शौकातून पैसा होतोच नाही असे नाही. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाने १९४६ साली शर्यतीच्या घोड्यांचे स्टड फार्म काढले. घोड्यांच्या रक्तातला रक्तद्रव औषधी प्रतिविषे बनवायला लागतो, हे त्या घरातल्या सायरस पूनावालांच्या लक्षात आले आणि १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. तेव्हा घोडे पाळून श्रीमंत होता येते, हे सिद्ध झाले आहे. फक्त त्यासाठी लस विकावी लागते.

घोडी वर्षभर माजावर येत नाही. दिवस मोठे होऊ लागले की येते, आणि मग साधारण एकवीस दिवसांच्या फेऱ्याने येत राहते. यातले नेमके दोन-चार दिवस पकडून तिला बीजाच्या घोड्याकडे न्यायचे असते. बीजाचा घोडा नेहमी दुसऱ्या तालुक्यात असतो. टेम्पो ठरतो, घोडी चढत नाही. घोडी चढते, टेम्पो चालू होत नाही. दोन्ही जमते तेव्हा घोड्याचा मालक लग्नाला गेलेला असतो. तो परत येईपर्यंत घोडीचा विचार बदललेला असतो, आणि ही गोष्ट ती मागच्या दोन्ही पायांनी स्पष्ट करते. एकवीस दिवसांनी हीच मंडळी त्याच रस्त्यावर त्याच ढाब्यावर चहा पीत दिसतात.

घोडी गाभण ठरली की अकरा महिने. इतका वेळ घरात चर्चेला विषय पुरतो. शिंगरू कोणावर जाईल, उंची किती भरेल, चाल रवाल निघेल की दुडकीवरच राहील, विकायचे की ठेवायचे. आणि विकायचे ठरलेच तर किती लाखांना. दहाव्या महिन्यापर्यंत शिंगराच्या भावावरून दोन भावांत अबोला झालेला असतो. घोडी बहुधा रात्री विते आणि आजूबाजूला माणसांची वर्दळ असेल तर कळा थोड्या लांबवतेसुद्धा. हे शास्त्र ज्याला ठाऊक नाही तो रात्र-रात्र गोठ्यात खाट टाकून बसतो. घोडी त्याच्याकडे बघत शांतपणे कडबा खाते. पाचव्या रात्री तो तंबाखू आणायला घरात जातो आणि परत येतो तो चार पायांवर डुगडुगणारे शिंगरू बघायला. घरी मात्र तो सांगतो, “माझ्या हातांनी सोडवली.”

आता फोन सुरू होतात.

“काय झालं?”

“शिंगरू.”

“ते कळलं. रंग?”

“काळा.”

“बाप तर पांढराफेक होता!”

इथे घराण्याच्या अब्रूचा प्रश्न उभा राहतो आणि खुलासा करावा लागतो. पांढरे दिसणारे पुष्कळ घोडे जन्मतः गडद असतात. वर्षे जातात तशी लव उजळत जाते आणि अखेरीस पांढरी होते. कातडी आत काळीच राहते. नुकरा तेवढा जन्मापासून पांढरा. पण घेणाऱ्याला पांढरे आज हवे असते. मग विकणाऱ्याला काळे शिंगरू समोर धरून त्याच्या भावी शुभ्रतेचे वर्णन करावे लागते. हे कौशल्य खरे तर पाठ्यपुस्तकात शिकवण्यासारखे आहे, कारण याच्या उलट, म्हणजे आज पांढरे दाखवून पुढे काळे काढण्याचे, सगळीकडेच शिकवले जाते.

रंगापाठोपाठ लक्षणे. अश्वविद्येचा मूळ पुरुष शालिहोत्र मुनी; पण त्यानंतर या विषयात प्रत्येक गावात एक तरी मुनी झालेला आहे. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असेल तर पंचकल्याणी, अत्यंत शुभ. गळ्यावर देवमन नावाचा केसांचा भोवरा, तोही शुभ. डोळ्याखाली भोवरा असेल तर मालकाला रडवणारा. चारांपैकी एकच पाय वेगळ्या रंगाचा, तर नको. कपाळावरचा पांढरा ठिपका अंगठ्याखाली पूर्ण झाकला गेला तर अशुभ, बाहेर उरला तर हरकत नाही. या शेवटच्या नियमात शास्त्र घोड्याचे आहे, पण निकाल अंगठ्यावर आहे. म्हणून विकणारे घराणे घोडा दाखवताना काडीसारख्या बोटांच्या पुतण्याला पुढे करते आणि घेणारे घराणे गावचा पैलवान सोबत आणते.

“बघा, बाहेर उरतोय ठिपका.”

“अंगठा आडवा करा.”

“शास्त्रात उभाच सांगितलाय, आबा.”

“शास्त्र लिहिणाऱ्याचा अंगठा बघितलाय का तुम्ही?”

या संशोधनात पाऊण तास जातो. घोड्यांना ग्लँडर्स नावाचा एक भयंकर रोग होतो, तो माणसालाही होऊ शकतो, आणि हिसारला राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र आहे जिथे त्याची रक्ततपासणी होते. पाऊण तास अंगठा फिरवणाऱ्यांपैकी रक्ततपासणीचा कागद किती जण मागतात, हे विचारू नये. भोवरा डोळ्यांना दिसतो, जंतू दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते आपल्या घोड्याला होत नाही.

उंचीचे प्रकरण याहून गहन आहे. घोड्याची उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत. मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्यापर्यंत, सपाट जमिनीवर, सरळ काठीने मोजतात. बाजारात ती इंचांत बोलली जाते आणि चौसष्टच्या खाली बोलणे कमीपणाचे समजतात. काठीऐवजी शिंप्याची टेप घेऊन ती पोटाच्या फुगीर बाजूवरून वर नेली की दोन इंच वाढतात. पुढचे पाय थोड्या चढावर ठेवले की आणखी एक. नाल जाड ठोकली की अर्धा. मीरा रोडला ज्याने फ्लॅट घेतला आहे त्याला हे समजावून सांगायची गरज नसते. काठीने मोजलेली उंची म्हणजे कार्पेट, टेपने मोजलेली बिल्ट-अप, आणि दलालाने तोंडी सांगितलेली सुपर बिल्ट-अप. घोड्यांना अजून रेरा लागू झालेला नाही.

वय दातांवरून कळते. पुढचे दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडू लागतात, जोडीजोडीने बदलत साडेचारपर्यंत सगळे बदलतात, आणि पाच वर्षांचा घोडा जुळला असे म्हणतात. त्यानंतर दातांवरचे खळगे झिजत जातात. दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या कडेच्या दातावर एक खाच उगवते, पंधराव्या वर्षी ती अर्ध्यावर येते, विसाव्या वर्षी टोकाला पोचते. इतका चोख पुरावा तोंडातच बाळगणारे दुसरे जनावर विरळा. अडचण एवढीच की, तो बघण्यासाठी घोड्याचे तोंड उघडावे लागते, आणि विकणारा घोड्याच्या आधी स्वतःचे उघडतो.

“वय?”

“सात.”

“गेल्या वर्षी सातच म्हणाला होतात.”

“गेल्या वर्षी तुम्ही घेतलाच नाही ना!”

ओठ उचलून दातांकडे बघण्याची रीत मात्र घेणाऱ्याने पाळावी. काय दिसले हे त्याला कळत नसले तरी बघितल्यावर “हं” म्हणायचे असते. प्रस्तुत लेखकाचे घोड्यांविषयीचे प्रत्यक्ष ज्ञान घोड्याच्या मागे उभे राहू नये इथवरच मर्यादित आहे. तरीही तो “हं” अत्यंत भारदस्त म्हणू शकतो.

सौद्याची जागा म्हणजे यात्रा. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीकाठी सारंगखेडा आहे. तिथे एकमुखी दत्ताचे देऊळ आहे आणि दत्तजयंतीला भरणारा घोडेबाजार तीन शतकांहून जुना असल्याचे सांगतात. अलीकडे त्याला चेतक महोत्सवाची जोड मिळाली आहे, म्हणजे तिथेही चेतकच. मारवाड, काठेवाड, पंजाब, उत्तर प्रदेश, सगळीकडून घोडे येतात. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांच्या शेजारी उंट आणि गाढवेही विकायला असतात. तिथे घोडा शोधणाऱ्याने दलाल जपून निवडावा. अकलूजचाही घोडेबाजार मोठा.

सारंगखेड्यात पांढऱ्या घोड्यांना आंघोळ घालून, शेपटी विंचरून, गोंडे बांधून उभे केलेले असते. काही घोड्यांची किंमत कोटीत सांगितली जाते. ती देण्यासाठी नसते, वर्तमानपत्रासाठी असते. मालक त्या घोड्याला विकायला आणत नाही, दाखवायला आणतो, आणि कोणी खरोखरच तेवढे पैसे काढले तर “घरच्यांना विचारतो” म्हणतो. ज्या घरात घोडीच्या चंदीचा हिशेब विचारायची सोय नाही त्या घरातल्यांना नेमके या वेळी विचारले जाते.

जनावरांच्या बाजारातली जुनी रीत अशी की, भाव बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घेतात आणि बोटे दाबून आकडा सांगतात. चार माणसांत भाव फुटू नये, हा हेतू. भाईंदरहून गेलेल्या नव्या घोडेवाल्याला ही रीत ठाऊक नसते. उपरण्याखाली कोणी मायेने चार बोटे दाबली की तोही सभ्यपणे चार दाबतो. दलाल आनंदाने “ठरलं!” म्हणून ओरडतो, आणि काय ठरले हे घेणाऱ्याला संध्याकाळी कळते. कळते तेव्हा घोडा टेम्पोत चढलेला असतो, आणि घोडा एकदा चढला की त्याला उतरवायची कोणाची तयारी नसते.

सौद्याच्या आधी खोड विचारण्याची पद्धत आहे. घोडा बुजतो का, अडतो का, चावतो का, लाथ मारतो का. विकणारा या सगळ्याला “नाही” म्हणतो. खरे बोलणाराही एक वर्ग आहे, त्याची भाषा शिकावी लागते. “तरतरीत आहे” म्हणजे पळून जातो. “मालकाला ओळखतो” म्हणजे बाकीच्यांना चावतो. “स्वतःच्या विचाराचा आहे” म्हणजे अडतो. “लहान मुलांना फार जपतो” म्हणजे मोठ्यांना पाडले आहे. वेल्समध्येही तट्टू विकताना लहान मुलांचाच दाखला देतात. लहान मूल पडले तर फार उंचावरून पडत नाही, हे अ वर्गाचे खरे वैशिष्ट्य.

माथेरानचा घोडेवाला वेगळा. तिथे मोटारींना बंदी, लाल मातीच्या चढ-उताराच्या वाटा, आणि पाठीवर रोज नवा पर्यटक. त्याला घोड्याचे पाय पक्के लागतात. रंग, भोवरा, अंगठा यांतले काही तो विचारत नाही, फक्त उतारावर चालवून बघतो. त्यामुळे यात्रेत त्याला कोणी फारसा मान देत नाही.

मीरा-भाईंदरच्या घोडेवाल्याला मात्र तीन गुण एकाच जनावरात हवे असतात, कारण त्याचे गिऱ्हाईक त्याच्याकडे तेच मागते. मुंबईत हौसेच्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या. तेव्हापासून शहरी घोड्याला हक्काचे काम उरले ते मुख्यतः लग्नाचे. घोडा पांढरा हवा, म्हणजे फोटोत उठून दिसेल. शांत हवा, कारण नवरदेव बँकेत आहे. आणि नाचणारा हवा, कारण मामांची इच्छा आहे.

“शांत आहे ना?”

“गाय आहे शेठ, गाय.”

“आणि नाचतो ना?”

“वीज आहे शेठ, वीज.”

एकाच घोड्याने गाय आणि वीज दोन्ही असावे, आणि कधी काय व्हायचे ते बेंजोवाल्याच्या तालावरून ओळखावे, ही अपेक्षा माणसाकडूनही पुरी होत नाही. घोडा ताल शिकतो हे खरे. पाय उचलून नाचायला त्याला लहानपणापासून ढोलावर शिकवतात. पण त्याच्या शिक्षणात फटाक्यांची माळ, डीजेची भिंत, आणि रुपयाची नोट दातांत धरून पुढ्यात लोळणारा मेहुणा हे विषय नसतात. मेहुणा दिसला की घोडा बुजतो. यात घोड्याचा दोष काढणारा मेहुण्याला ओळखत नसावा.

नवरदेवाला वर चढवणे हा स्वतंत्र विधी आहे. खुर्ची आणली जाते. खुर्ची प्लॅस्टिकची असते. डावा पाय रिकिबीत घालायचा असताना तो उजवा घालतो, आणि तसाच वर गेला असता तर शेपटीकडे तोंड करून मिरवला असता. मोतद्दार न बोलता पाय बदलून देतो. असे पाय त्याने पुष्कळ बदललेले असतात. मग पुढ्यात एक सजवलेला लहान भाचा बसवतात. भाच्याला घोड्याची भीती वाटत नाही, नवरदेवाला वाटते, म्हणून नवरदेव भाच्याला घट्ट धरतो आणि बघणाऱ्यांना ते प्रेम वाटते. गावाकडे परण्या म्हणून नवरदेवाला घोड्यावरून मारुतीच्या देवळापर्यंत नेतात. शहरात कोपऱ्यावरच्या एटीएमपासून हॉलपर्यंत नेतात. अंतर काही पावलांचे असते. वाटेत एक सिग्नल, दोन रिक्षा आणि समोरून येणारी दुसरी वरात. दुसऱ्या वरातीतला घोडा सख्खा भाऊ निघाला तर दोघेही थांबून हुंगाहुंगी करतात आणि दोन्हीकडच्या वऱ्हाडांत पुढे जाण्याच्या हक्कावरून वाद सुरू होतो. अशा वेळी वरातीमागून घोडे ही म्हण उलटी होते: घोडा तिथेच उभा आणि वरात नाचत पुढे हॉलमध्ये जेवायला गेलेली.

लग्नाचे मुहूर्त संपले की घोडेवाल्याचे खरे कष्ट सुरू होतात. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत हिंदू लग्ने थांबतात, घोड्याचे खाणे थांबत नाही. या काळात त्याला आधार असतो तो भाईंदरच्या जैन वस्तीतल्या वरघोड्याच्या मिरवणुकांचा. पुढे शिवजयंती तारखेने एकदा आणि तिथीने एकदा येते. त्या दोन्ही दिवशी मावळ्याच्या वेशातला कोणी तरुण कार्यकर्ता घोड्यावर बसतो आणि दाढी सांभाळावी की लगाम, या पेचात सबंध मिरवणूक काढतो. एरवी घोडा तबेल्यात उभा असतो, तोबऱ्यातला हरभरा चघळत, गुलाबी कातडीचा असेल तर उन्हापासून लपत. खानदेशातल्या घराण्याचा मधूनमधून फोन येतो.

“कसा आहे आमचा चेतक?”

“आता नाव बादल ठेवलंय.”

“त्याला कळतं?”

“चेतक म्हटलं तरी वळत नव्हता.”

तोवर तिकडच्या घोडीला पुन्हा दिवस गेलेले असतात, भावांचा अबोला मिटून नव्या शिंगराच्या भावावरून नवा सुरू झालेला असतो, आणि शिंगरू पांढरे होणार याबद्दल यंदा सर्वांची खात्री असते.

मीरा-भाईंदरमध्ये ज्यांच्या घरी लग्न ठरले आहे त्यांनी एवढे करावे. मुहूर्त काढण्याआधी घोडेवाल्याला फोन करावा. चांगल्या तारखांना नवरदेव पुष्कळ आणि पांढरे घोडे थोडे असतात, आणि भटजी तारीख बदलू शकतात, घोडा बदलू शकत नाही. मेहुण्याला हॉलच्या आत थांबवावे. फटाके घोडा गेल्यावर लावावेत. खुर्ची लाकडी आणावी. मोतद्दाराला वेगळे पैसे द्यावेत, कारण नवरदेवाचा पाय कोणत्या रिकिबीत गेला होता हे त्याने कोणाला सांगितलेले नसते. आणि घोड्याचे वय विचारू नये. ते सात आहे.